कुंडातलं अमृत

लग्नानंतर सासरे आणि सासूबाई पहिल्यांदाच वाशीमला आले, तेव्हा डोंगरावरची देवी दाखवायची हौस मलाच आली. मी स्वतः तिथे कधी गेलो नव्हतो, हे बायकोलाही ठाऊक नव्हतं. पायथ्याशी सासऱ्यांनी पाण्याची घागर उचलली, तशी मी नव्या टेरिलिनच्या शर्टाची कॉलर नीट करत म्हणालो, "मामाजी, पानी कायले वाहून राह्यले? वरच्या कुंडात अमृत हाय!"

वर आधी गुहा दाखवली. वटवाघळांच्या घाणीचा भपकारा आला आणि सासूबाई नाक दाबून बाहेर पळाल्या. मग कुंड. हिरवं, बुळबुळीत पाणी, त्यावर नारळाच्या शेंड्या आणि कुणाच्या तरी जावळाचे केस. पण सासरे माझ्याकडेच बघत होते, म्हणून ओंजळभर प्यालो. एक केस जिभेला चिकटला.

"कसं हाय?"

"गोड," मी म्हणालो.

मग रोडगे भाजायला मी गोवऱ्या पेटवत बसलो, मागे सासऱ्यांनी त्यांची कणीक मळली. आमच्याकडे पहिलं पान जावयाचं. तुपात बुडवून एक रोडगा कसाबसा गिळला. दुसऱ्याला नको म्हणालो.

"घ्या की, जावईबापू," सासरे म्हणाले. "तुमचे दोन खास कुंडाच्या पान्यात मळले. आमचे घागरीतले हायेत."

घागर बायकोने डोक्यावर आणली होती. मी पुढे पुढे माहिती सांगत चढलो होतो, मागे वळून पाहिलंच नव्हतं. देवळामागे धावलो, पण टेरिलिनचा शर्ट काही वाचला नाही.