आत्याने भाड्याच्या गाडीवर खडू चालवला

आमची आत्या कपडे दुरुस्त करते. शिवत नाही, दुरुस्त करते, हे ती स्वतःच ठणकावून सांगते. "नवं कुणीही शिवेल गं, दुसऱ्याने बिघडवलेलं सरळ करायला छाती लागते." दुकानात तिची एक पद्धत आहे. कपडा हातात आला की आधी उलटा करायचा, अस्तर बघायचं, आणि जुना डाग, उसवलेली शिवण, जे दिसेल त्याभोवती गिऱ्हाइकासमोरच खडूने गोल काढायचा. गिऱ्हाइकं वैतागतात. आत्या ढिम्म.

हीच आत्या पन्नाशीला गाडी शिकली. आणि यंदा परदेशात ताईला, म्हणजे तिच्या लेकीला, मुलगी झाली. भावोजींचा पाय प्लास्टरमध्ये. आत्याने जाहीर करून टाकलं, "दोघींना दवाखान्यातून घरी मी आणणार. भाड्याने गाडी घेऊन."

"अगं, तिकडे टॅक्सी मिळते," माझे बाबा, म्हणजे तिचा दादा.

"ताई झाली तेव्हा मी घरी कशात आले, आठवतंय ना दादा? टेम्पोत. मागे, सिमेंटच्या पोत्यांना टेकून."

दुसऱ्या दिवशी बाबांनीच भाड्याच्या गाडीसाठीचा वेगळा विमा आत्याच्या नावाने काढला, वर स्वतःचं क्रेडिट कार्ड दिलं, आणि भाषा सांभाळायला मला सोबत पिटाळलं.

गाडीच्या काउंटरवर एक हसरी मुलगी होती. "चालवणार कोण?" मी आत्याकडे बोट दाखवलं. "मग कार्डही त्यांच्याच नावाचं लागेल."

संपलं! आत्याचं स्वतःचं कार्ड होतं, पण त्याची मर्यादा एवढीशी. मुलगी म्हणाली, साधा विमा भाड्यातच आहे, पण गाडीला काही झालं तर नुकसानीचा पहिला ठरावीक हिस्सा तुमचा. तेवढी रक्कम आत्ता कार्डावर अडकवून ठेवावी लागते, आणि ह्या कार्डात ती बसत नाही. नाहीतर आमचं पूर्ण संरक्षण घ्या, मग काही अडकवत नाही.

"घे ना आत्या, पूर्ण आहे!" मी लगेच पेन उचललं.

"थांब गं बाई, तुला सगळ्याचीच घाई. तिला विचार, ह्या पूर्णमध्ये काय काय नाही?"

विचारलं. मुलगी जरा घुटमळली. काच नाही. टायर नाहीत. गाडीचं पोट आणि टप नाही.

"बघ, अस्तरच नाही! आणि दादाच्या विम्यात?"

मी फोनवर शोधलं. काच होती, टायर होते, पोट आणि टपही होतं, आपल्या वाट्याचा तो हिस्साही होता. फक्त आधी आपण भरायचा, मग ते परत देणार. म्हणून काउंटरवाले रक्कम अडकवणारच.

"म्हणजे एकाच भोकाला दोन ठिगळं कशाला? अडचण कार्डाची आहे, विम्याची नाहीच." आत्याने डोळे मिटले. दुकानात कापड कमी पडलं की ती अशीच डोळे मिटते. "विचार, लहान गाडी घेतली तर तो हिस्सा लहान होतो का?"

होत होता! सगळ्यात चिमुकल्या गाडीचा हिस्सा आत्याच्या कार्डात बसला, अगदी काठोकाठ. मी तिथेच आत्याला मिठी मारली.

बाहेर आलो तर आत्याने पर्समधून खडू काढला. शप्पथ. गाडीभोवती फिरत, दारं चाचपत, प्रत्येक जुन्या ओरखड्याभोवती पांढरा गोल, आणि लगेच फोनवर त्याचा फोटो. मुलगी धावत आली, "अहो, हे काय करताय?"

"सांग तिला, पुसलं जातं. तिला म्हणावं तूही फोटोत उभी राहा." ती हसून हसून उभी राहिली. प्रत्येक गोलाशेजारी. आत्याने मग रुमालाने गाडी लख्ख पुसली.

पहिल्या वळणावर आत्याने सिग्नलऐवजी वायपर चालू केले, मी देवाचं नाव घेतलं. पण दवाखान्याच्या दारात तिने गाडी अशी लावली की भावोजींनी कुबडी काखेत धरून टाळ्या वाजवल्या. बाळाची खुर्ची मागच्या सीटवर नीट बसली, ताई तिच्याशेजारी बसली आणि रडायलाच लागली. "आई, तू खरंच चालवतेयस!"

"मग काय ढकलतेय? पट्टा लाव."

बाळ घरापर्यंत झोपलं होतं. एक धक्का नाही.

गाडी परत करताना दुसराच माणूस होता. मागच्या दाराशी वाकला आणि म्हणाला, हा ओरखडा नवा आहे. मी भांडायला तोंड उघडणार, तोवर आत्याने फोन पुढे केला. तोच ओरखडा, पांढरा गोल, शेजारी त्यांचीच मुलगी दात काढून हसतेय. माणूस फोटोकडे बघत राहिला, मग खो खो हसत सुटला, आणि कार्डावरची रक्कम आमच्यासमोर मोकळी केली.

आत्याने तिथूनच फोन लावला. "दादा, तुझं कार्ड होतं तसं परत आणतेय. नात घरी आणली. हो, मीच!"