सहा घरांची बाग आणि आतेची बाव

गुलमोहर दिसला की अजून माझं पित्त खवळतं. झाडाचा बिचाऱ्याचा काय दोष म्हणा! दोष आमच्या नगरपालिकेचा, आणि घरातलंच सांगायचं तर माझ्या वडिलांचा.

साठ सालानंतरची गोष्ट. मालवणात समुद्राला लागून असलेल्या वाडीत माझी विधवा आते एकटी राहायची. दारापुढे तिचा मळा होता. लाल भाजी, मुळा, वाल, वांगी. रेताड जमिनीत हे सगळं पिकायचं ते तिच्या बावीच्या जिवावर. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. समुद्र हाकेवर, तरी पाणी गोड. आते सकाळी शिंपण करायची, भाजीची टोपली डोक्यावर घ्यायची आणि बाजार गाठायची. तिचं पोट त्यावरच होतं.

शेजारची माडांची बाग मुंबईत पैसा केलेल्या एका शेटने घेतली. मे महिन्यात गावी येणाऱ्यांसाठी तिथे तो एकाला एक लागून सहा घरं बांधणार होता. नकाशा नगरपालिकेत आला. घरांपुढे हिरवळ, क्रोटनच्या रांगा, मधोमध कारंजं. या सगळ्या थाटाला पाणी कुठलं, तर आतेच्या कुंपणालगत नवी विहीर खोदून, तिच्यावर इंजिन बसवून!

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. हरकतीचा अर्ज मीच लिहिला, त्यावर आतेचा अंगठा तेवढा घ्यायचा होता. पण वडील नगरपालिकेचे सदस्य. त्यांना शेटलाही दुखवायचं नव्हतं आणि बहिणीलाही. म्हणाले, आधी देवाला कौल लावू. गुरवाने मूर्तीच्या डाव्या-उजव्या अंगाला फुलांचे कळे चिकटवले आणि वडिलांनी सांगितलं तसं गाऱ्हाणं घातलं, की शेजारच्या घरांमुळे हिची बाव आटणार नसेल तर उजवा दे. उजवा कळा पडला. आतेने डोळे मिटून हात जोडले. देवाने सांगितल्यावर आणखी कागद कशाला, असं म्हणून तिने अंगठा दिलाच नाही. मी खूप आदळआपट केली. ऐकतो कोण!

तरी बैठकीला मी जाऊन बसले. आणि चर्चा कशावर? फाटकाशी गुलमोहर लावावा की अशोक! एकजण म्हणे, गुलमोहराचा केर रस्त्यावर पडेल, तो कोण काढणार? दुसऱ्यांना कारंज्यात कमळं हवी होती. घरी तोंडातून शब्द न काढणारे माझे वडील अशोकाच्या बाजूने तावातावाने बोलले. पाण्याचा विषय कोणी काढेना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभी राहिले.

"इतकी हिरवळ जगवायला इंजिन दिवसभर उपसा करणार. शेजारच्या बावीचं काय होईल?"

अध्यक्षांनी शांतपणे सांगितलं की हरकत लेखी लागते आणि लेखी काहीच आलेलं नाही. वडील समोरचा नकाशा न्याहाळत बसले. बाग मंजूर झाली, गुलमोहरासकट.

घरं उभी राहिली, इंजिन धडधडू लागलं. दुसऱ्या उन्हाळ्यात आतेची लाल भाजी कडांनी करपली. मग वाल गेले. बावीत पाणी होतं, पण खारं. गोडं पाणी उपसलं गेलं तसा समुद्र आत शिरला होता. शेटची विहीरही खारी झाली म्हणा, पण त्याला नगरपालिकेने लगेच नळ दिला. आतेला कोण देतो? तिची टोपली आढ्याला टांगली गेली आणि ती त्याच सहा घरांत भांडी घासायला जाऊ लागली. कोणाचा मिंधेपणा न पत्करलेली माझी आते! आजही आठवलं की कोणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटते.

एका दुपारी मी तिच्याकडे बसले होते, तेवढ्यात वडील आले. तिने बावीचं पाणी तांब्यात भरून त्यांच्यापुढे ठेवलं. एका घोटातच त्यांचं तोंड वाकडं झालं. देवानेच आपल्याला फसवलं, असं ते पुटपुटले.

आते जराही चिडली नाही. त्याचाच मला जास्त राग आला.

"देव खोटां बोलूक नाय रे," ती म्हणाली. "बाव आटतली काय, तां तू इचारलंस. खारी होतली काय, तां खंय इचारलंस?"

आते उठली. भांड्यांची वेळ झाली होती. जाताना तिने रिकामी कळशी उचलून कमरेवर घेतली. पिण्याचं पाणी आता ती शेटच्या नळावरून आणायची, रोज विचारून.