एक आवाज, एक दाणा

सदाशिवराव झोटिंग चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. इतक्या वर्षांत आपल्यामुळे एकही गाडी उशिरा सुटली नाही, हे ते ओळख झाल्यापासून पाच मिनिटांच्या आत समोरच्याला सांगत. रामलाल राठोड त्यातली अकरा वर्षं त्यांच्याच गाडीवर ड्रायव्हर होते आणि आता राळेगावात त्यांचे शेजारी आहेत. रामलालचं म्हणणं एवढंच, की गाडी वेळेवर सुटावी म्हणून झोटिंगनं भरपूर माणसं मागं टाकली, आणि त्यात एकदा स्वतःचा मेव्हणाही होता.

निवृत्त झालेल्या माणसाचं काय करायचं, हा प्रश्न घरच्यांना पडतो. त्याला स्वतःला पडत नाही. सदाशिवराव रोज सकाळी स्टँडवर जाऊन गाड्यांच्या वेळा बघत. लग्नाच्या पंगतीत उभे राहून लोकांना पुढं सरकवत. हातात तिकिटं छेदायचा जुना लोखंडी पंच असे. तिकिटांची मशीनं आली तसे पंच निकामी झाले, पण यांचा हात निकामी झाला नव्हता. पेपर वाचताना कट् कट्, चहा येईस्तोवर कट् कट्, आणि विमलताई काही सांगायला बसल्या की जरा जास्तच कट् कट्. विमलताई म्हणजे त्यांची बायको. त्यांनी या आवाजाची तक्रार करणं पंधरा वर्षांपूर्वी सोडून दिलं होतं.

अशा घरात समीक्षानं आपला पक्षी आणून ठेवला. समीक्षा त्यांची एकुलती लेक, नागपुरात बँकेत नोकरीला. आपला देशी हिरवा राघू पाळणं कायद्यानं गुन्हा आहे. तिचा होता बाहेरदेशातला सन कॉन्युर जातीचा छोटा पोपट, हळदीच्या अंगाचा, पंखांवर हिरवी झाक असलेला, रीतसर कागदपत्रांचा. पण ओरडायला लागला की तीन मजल्यांवरचे लोक दारात येत. सोसायटीनं नोटीस दिली आणि तिनं दोन महिन्यांच्या बोलीवर त्याला राळेगावात आणलं. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. तिनं ठेवलेलं मँगो हे नाव राळेगावच्या तोंडात आठवडाभरही टिकलं नाही. तो मंगू झाला.

सदाशिवरावांना मंगू आवडला याचं कारण साधं होतं. घरात त्यांच्या बोलण्याकडे मान वळवून बघणारा तो एकटाच होता.

थंडीच्या सुरुवातीला मंगूच्या तोंडातून सूर्यफुलाच्या बिया गळून पडायला लागल्या. वरची चोच वाढून गळ्याकडे वळली होती, तिनं टरफल फुटेना. मऊ पेरू, उकडलेला मका एवढ्यावर तो जगायला लागला आणि वाळत चालला. यवतमाळला दर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारी नागपूरहून पक्ष्यांचे डॉक्टर येत. त्यांच्याकडे न्यायचं ठरलं. मग सदाशिवराव आणि रामलाल, दोघं मिळून सव्वाशे वर्षांची माणसं, टॉवेल घेऊन त्याच्या मागं घरभर धावली. पंखा बंद, दारं बंद, कपाटावरून पडद्यावर, पडद्यावरून देव्हाऱ्यावर. शेवटी धरला आणि प्रवासाच्या छोट्या पिंजऱ्यात कोंबला. यवतमाळ येईपर्यंत तो पिंजऱ्याच्या तळाशी डोळे मिटून पडला होता आणि चोच उघडी टाकून धापा टाकत होता. डॉक्टरांनी चोचीला हातही लावला नाही. म्हणाले, पुन्हा असं पकडून आणलंत तर हा वाटेतच जाईल. याला आपल्या पायानं पिंजऱ्यात शिरायला शिकवा. शांत आला तर चोच कापणं माझं दोन मिनिटांचं काम आहे.

शिकवायचं कसं, ते समीक्षानं फोनवर सांगितलं. पक्ष्यानं हवं ते केलं, की त्याच क्षणी ठरावीक आवाज करायचा आणि लगेच खाऊ द्यायचा. आवाजाचा अर्थ, बरोबर केलंस. चुकलं तर काही म्हणायचं नाही, रागवायचं नाही, ढकलायचं तर मुळीच नाही. त्यासाठी तिनं कुरिअरनं क्लिकर पाठवला. क्लिकर म्हणजे बोटभर लांबीची प्लास्टिकची डबी, तिचं बटण दाबलं की आवाज होतो. सदाशिवरावांनी तो दोनदा दाबला आणि बाजूला ठेवला. घरात चौतीस वर्षांचा लोखंडी पंच असताना हे खेळणं कशाला, असा त्यांचा सवाल होता. तो रास्त होता. पंचाचा आवाजही नेमका तसाच होता.

खाऊ ठरला डाळिंबाचा दाणा. विमलताईंनी डाळिंब सोलता सोलता ऐकवलं की त्यांच्यासाठी या घरात डाळिंब फक्त एका बाळंतपणात आणि एका टायफॉइडमध्ये आलं होतं. सदाशिवरावांनी हे ऐकून कट् कट् केलं.

पहिले तीन दिवस बरे गेले. तुराटीची बारीक काडी पुढं केली की मंगू तिच्या टोकाला चोच लावी, आवाज होई, दाणा मिळे. चौथ्या दिवसापासून तो कंटाळला. दहाव्या दिवशी तर काडीकडे पाठ करून बसला. समीक्षानं लहान वजनकाटा पाठवला होता. त्यावर एकशे बारा ग्रॅमचे एकशे चार झाले. सदाशिवराव रामलालला म्हणाले की नागपूरच्या शिकलेल्या लोकांचं हे सगळं पुस्तकी असतं. तरी लेकीनं मागितला म्हणून त्यांनी शिकवणीचा व्हिडिओ काढून पाठवला.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"बाबा, दोन मिनिटांत तुमी सतरा वेळा पंच वाजवला. दाणे देल्ले चार."

"हात आपोआप वाजवते, त्याले मी काय करू?"

"गाडीत घंटी कधी उगीच वाजवली का तुमी?"

एसटीत एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. ड्रायव्हर मागं वळून बघत नाही, तो घंटीवर विसंबतो. म्हातारीचा एक पाय पायरीवर आणि एक रस्त्यावर असताना कोणी उगीच घंटीची दोरी ओढली तर काय होईल, हे प्रत्येक कंडक्टरला झोपेतही ठाऊक असतं. समीक्षा सात वर्षांची असताना तिनं गंमत म्हणून ती दोरी ओढली होती. त्या दिवशी तिनं बापाच्या हातचा जो मार खाल्ला, तसा पुन्हा कधी खाल्ला नाही.

"मंगूसाठी पंच म्हंजे घंटी हाये, बाबा. तो तुमच्या आवाजावर भरोसा ठेवून राह्यला, अन् तुमी त्याले तेरा वेळा फसवलं."

शिकवणीवर बोलणं तिथंच संपलं. मग तिनं आईच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि फोन ठेवला. सदाशिवराव बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. आपलं चुकलं हे त्यांना सहसा पटत नसे, आणि पटलं तर दोन-चार दिवसांनी पटे. या वेळी लगेच पटलं, कारण चूक त्यांच्याच धंद्यातली निघाली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पंच भिंतीवरच्या खिळ्याला टांगला. शिकवणीपुरता काढायचा, सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं, नंतर पुन्हा खिळ्याला. एक आवाज, एक दाणा. पंच चुकून वाजलाच तर त्याचाही दाणा द्यायचा. उरलेल्या दिवसभर त्यांची बोटं नुसतीच हवेत मिटत. पेपर वाचवेना, चहा गोड लागेना. विमलताईंनाही घर ओसाड वाटायला लागलं, पण ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

मंगूचा पुन्हा विश्वास बसायला आठवडा लागला. मग मात्र तो भराभर शिकला. काडीच्या टोकामागं टेबलावर चालायला लागला, छोट्या पिंजऱ्याच्या दारापर्यंत आला, उंबऱ्यावर एक पाय ठेवायला लागला, आणि एके सकाळी सबंध आत गेला. सदाशिवरावांनी आवाज केला, दाणा दिला आणि तो बाहेर आला. त्यानंतर रोज तो चार-चार वेळा आत जाऊन येई. समीक्षानं सांगितलं होतं की आता क्षणभर दार लावायचा सरावही करा. तो सराव सदाशिवरावांनी रोज उद्यावर ढकलला. इतक्या मर्जीनं आत आलेल्याच्या मागं दार लावायला त्यांचा हात होत नव्हता.

पुढच्या महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी सव्वानऊची यवतमाळ गाडी धरायची होती. काटा सत्त्याण्णव दाखवत होता. आणखी पंधरा दिवस हा काढेल असं वाटत नाही, असं डॉक्टरांनी फोनवर सांगून ठेवलं होतं. ते दोन वाजेपर्यंत बसत. सव्वानऊची चुकली तर पुढची साडेबाराची, आणि ती दोनच्या आत पोचली तर नशीब.

नेमका त्याच दिवशी मंगू आत जाईना. साडेआठ झाले, पावणेनऊ झाले. काडी दाखवली, डाळिंब दाखवलं, तो पडद्याच्या दांडीवरून हलला नाही. इस्त्रीचा शर्ट आणि बूट घातलेले सदाशिवराव खाली उभे राहून चला, आत चला म्हणत होते.

"तुमचा आवाज ड्युटीवरचा झाला, अवो," विमलताई म्हणाल्या. पण त्यांच्याही हातात टॉवेल होता. धरा एकदाचं, दोन मिनिटं धापा टाकील, उपाशी मरण्यापेक्षा बरं, असं त्यांचं म्हणणं पडलं. टॉवेल त्यांनी नवऱ्याच्या हातात दिला.

नऊ वाजून वीस मिनिटांनी रामलालचा फोन आला. तो आधीच स्टँडवर गेला होता आणि जुनी ओळख काढून त्यानं गाडी रोखून धरली होती.

"ड्रायव्हर थांबून हाये. पाच मिनिटं देते म्हने. आन पकडून."

सदाशिवरावांनी वर पाहिलं. मंगू टॉवेलकडे बघत होता आणि अंग चोरून एवढासा झाला होता. या टॉवेलखाली तो गेला तर यवतमाळला पोचेपर्यंत आपल्या मांडीवर काय असेल, ते सदाशिवरावांना स्पष्ट दिसलं. त्यांना भीती वाटली. चौतीस वर्षांत घड्याळाची सोडून कशाची एवढी भीती वाटली नव्हती.

"जाऊ दे गाडी," ते म्हणाले.

रामलाल म्हणाला की तो एकटाच या गाडीनं पुढं निघतो; गाडी थांबवून उपयोग नाही झाला, तर निदान डॉक्टरला थांबवून ठेवतो.

सदाशिवरावांनी टॉवेल कपाटात टाकला. बूट काढले, शर्ट काढला, बनियन आणि पायजम्यावर येऊन टेबलाशी बसले. पिंजऱ्याचं दार उघडं ठेवलं आणि पेपर समोर धरला. वाचला मात्र एकही शब्द नाही. दहा वाजले, अकरा वाजले. विमलताई भाकरी थापत होत्या आणि घरात तेवढाच आवाज होता.

पावणेबाराला मंगू दांडीवरून टेबलावर उतरला. पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली, पेपरचा कोपरा ओढून पाहिला आणि काडी न दाखवता चालत आत गेला. सदाशिवरावांनी पंच वाजवला, दाणा दिला आणि दार लावलं.

कडी बसल्याचं ऐकून मंगू वळला. तो ओरडला नाही, त्यानं धडपड केली नाही. आधी दाराकडे आणि मग यांच्याकडे बघितलं. विश्वासानं आलेल्याला आपण कोंडलं, असं सदाशिवरावांना वाटलं आणि फार वाईट वाटलं. बायकोला तोंड दिसू नये म्हणून ते शर्ट घालायला आतल्या खोलीत गेले.

साडेबाराची गाडी पावणेएकला सुटली आणि दोन वाजून दहा मिनिटांनी यवतमाळला पोचली. रामलालनं डॉक्टरांना दोन चहा पाजले होते आणि तिसरा सांगितला होता. मंगू पिंजऱ्यातल्या दांडीवर बसून आला होता, शुद्धीत होता. चोच कापायला खरंच दोन मिनिटं लागली. चार दिवस मऊ खायला द्या, मग बी द्या, असं डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर मंगूनं सदाशिवरावांशी संबंध तोडला. चार दिवस तो त्यांच्या हातातलं खाईना. ते खोलीबाहेर गेले की वाटीतलं खाई. छोटा पिंजरा उघडाच होता, त्याकडे तो फिरकला नाही. काम तर झालं, आता कायले मनाला लावून घेता, असं विमलताई म्हणाल्या. सदाशिवराव रोज सकाळी त्याच जागी जाऊन बसत राहिले.

पाचव्या दिवशी तो आला. टेबलावरून त्यांच्या गुडघ्यावर, गुडघ्यावरून मनगटावर चढला आणि अंगठ्याच्या बेचक्यात कडकडून चावला. रक्त आलं. विमलताई हळदीचा डबा घेऊन धावल्या. सदाशिवरावांनी हात हलवला नाही.

"चाव बाप्पा," ते म्हणाले. "दार मीच लावलतं."

चावून झाल्यावर मंगू त्याच हातावर बसून राहिला. सदाशिवरावांनी दुसऱ्या हातानं सूर्यफुलाची टरफलासकट एक बी पुढं केली. त्यानं ती चोचीत घेतली, जिभेनं दोनदा फिरवली आणि फोडली. टरफल त्यांच्या रक्ताळलेल्या अंगठ्यावर पडलं. मग त्यानं मान पुढं करून दुसरी मागितली. विमलताईंनी हळदीचा डबा खाली ठेवला आणि बियांची वाटीच नवऱ्यापुढं सरकवली.