उभ्या उभ्या अक्का

आमच्या अक्काला मी बसलेली फक्त एकदा पाहिली, आणि त्या दिवशी मला घाम फुटला. एरवी ती उभीच. जेवण स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभ्यानं, चहा दाराच्या चौकटीला टेकून, फोन आला की अंगणात येरझारा. खुर्ची पुढे सरकवली तर तिच्या पाठीवर हात ठेवून बोलत राहायची. "अक्का, बसा ना हो, वर बघून बघून माझी मान अवघडली," असं मी वैतागून म्हटलं की म्हणायची, "मग तू उठ. मान बी मोकळी होईल आणि दोन कामं बी."

अक्का म्हणजे यांची थोरली बहीण, माझी नणंद. लग्न केलं नाही, नर्स झाली, आणि बरीच वर्षं धुळ्याला एका मिशन दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात काढली. आम्ही चाळीसगावचे ख्रिस्ती. यांचं सायकलच्या सामानाचं दुकान, माझं घरात शिवणकाम. सुट्टीला अक्का आली की घर हललंच म्हणून समजा. सकाळी भांड्यांची मांडणी बदललेली, दुपारी माळ्यावरचं सामान खाली, संध्याकाळी ती पिशवी घेऊन रस्त्यावर. गल्लीतली माणसं विचारायची, "कथा जाई राह्यनी, अक्का?" कुठे चाललीस, एवढंच विचारायची बिचारी. ही न थांबता सांगायची, "पुढे." यापलीकडे उत्तर कधी कोणाला मिळालं नाही.

मला बघायला आली तेव्हाही तेच. सगळे पाहुणे सतरंजीवर मांडी घालून, आणि ही बाई पोह्यांची बशी हातात घेऊन आमच्या घरभर फिरतेय. माझ्या आईला वाटलं, भिंतींना ओल आहे का ते बघतेय. फिरत फिरत ती माझ्या मशीनपाशी आली, तिथं पडलेलं एक झबलं तिनं उलटं केलं, आतली शिवण बोटानं चाचपली आणि भावाला तिथूनच ओरडून म्हणाली, "भाऊ, ही आतून बी नीट शिवते. हो म्हण." माझं तोंड तिनं त्यानंतर पाहिलं. मला संताप आला होता, खरं सांगते. पण आतली शिवण त्याआधी कधी कोणी पाहिली नव्हती, त्यामुळे मीही हो म्हटलं.

चर्चमध्ये ती शेवटच्या बाकामागे, दारापाशी उभी असे. कोणाचं मूल किरकिरलं की आईच्या मांडीवरून उचलून बाहेर, लिंबाखाली. प्रवचन संपेपर्यंत मूल खांद्यावर झोपलेलं. एकदा पाळकसाहेब जरा चिडून म्हणाले, "अक्का, देवाच्या घरात तरी टेकत जा." ही म्हणाली, "तुम्ही सांगा साहेब, मी उभ्यानं ऐकते. उभ्यानं ऐकलेलं खाली पायात उतरतं." पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी हेच वाक्य प्रवचनात स्वतःचं म्हणून घातलं. अक्का मागून मोठ्यानं हसली आणि सगळी मंडळी मागे वळून बघायला लागली.

धुळ्याचा मुलांचा वॉर्ड पुढे बंद झाला. दुसरी कोणी असती तर घरी येऊन पाय पसरले असते. ही निघाली आफ्रिकेत, मलावी नावाच्या देशात, एका भल्यामोठ्या तळ्याकाठच्या मिशन दवाखान्यात. तिथं उपासमारीनं सुकलेली मुलं आणतात, त्यांचा वॉर्ड सांभाळायला. मी तेव्हा खूप भांडले. "आपल्या सातपुड्यात काय कमी पोरं सुकलीत? समुद्र ओलांडायची हौस कशाला?" त्यावर ती म्हणाली, "आमच्या वॉर्डात गोऱ्या बाया यायच्या, त्यांच्या गावात काय पोरं आजारी नव्हती? कोणी तरी आपलं सोडून आलं म्हणून मी शिकले. सातपुड्यात तू जा की. एसटी जाते." मी जोरजोरात मशीन चालवायला लागले. शेजारच्या आबांनी तर फाटकातच अडवलं, "तिकडे कोणाले बाटवशी व माय?" अक्का म्हणाली, "आबा, तिथले लोक माझ्यापेक्षा जास्त प्रार्थना करतात. मी नुसती पेज करते."

पेजेचं मात्र खरं होतं. तिथंही आपल्यासारखी नागली, म्हणजे नाचणी, पिकते, हे कळलं त्या दिवशी तिनं जो फोन केला, तो लॉटरी लागल्यासारखा. माझ्या सासूबाई बाळंतिणीला करायच्या तशी नागलीची पातळ पेज ती बऱ्या होत आलेल्या मुलांना देऊ लागली. आणि एक सांगते, सगळ्या जगात न थांबणारी ही बाई वाटी-चमचा हातात आला की गोगलगाय व्हायची. अगदी वाळलेल्या मुलाला एकदम पोटभर दिलं तर त्याचं अंग ते सोसत नाही, मूल दगावतं. आधी चमचा चमचा दूध, थांबायचं, पुन्हा चमचा. आपण खान्देशातली माणसं, पाहुणा नको नको म्हणतो आणि आपण ताटात वाढतच जातो. तिथल्या आज्याही तशाच. नजर चुकवून नातवाच्या तोंडात घास कोंबायच्या. अक्का त्यांचा हात धरायची. "उपाशी पोटाशी माया हळू करायची, आजी," हे तिनं तिथल्या भाषेत पाठ केलं होतं. व्हिडिओ कॉलवर मी पाहिलंय, खाटेपाशी गुडघे टेकून ती चमचा धरून आहे, आणि पोरगं तोंड उघडेपर्यंत हलत नाही. तिथंही सगळे तिला अक्काच म्हणत. त्यांना वाटे, तिचं नावच ते.

माझ्यामागे तिनं एक काम लावून दिलं होतं. टोपडी. नवजात, अशक्त बाळांचं डोकं झाकलं की ऊब टिकते, म्हणून ब्लाऊजच्या उरलेल्या कापडांची टोपडी शिवून ठेवायची. आत मऊ सुती, वर काहीही. दर सुट्टीला पिशवी भरून घेऊन जायची. समोरच्या पाटीलबाई एकदा हात कमरेवर ठेवून आल्या, "माझ्या पैठणीच्या ब्लाऊजचं उरलेलं कापड कुठंय?" मी म्हटलं, "आफ्रिकेत." त्यांना वाटलं, मी टिंगल करते. मग मी फोनमधला फोटो दाखवला. मोरपंखी काठाचं टोपडं घातलेलं एक चिमुकलं काळंभोर बाळ, डोळे गच्च मिटलेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या साड्यांचं गाठोडंच आणून टाकलं माझ्या दारात.

मागच्या खेपेला अक्का आली ती धापा टाकत. जिना चढताना मध्ये थांबायची आणि आम्हाला दाखवायची की खिडकीतून काहीतरी बघतेय. यांनी धरून धुळ्याला नेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हृदयाची झडप खराब झालीय, ऑपरेशन करावं लागेल, तोवर धावपळ बंद, विमान बंद. बाहेर आल्यावर अक्का म्हणाली, "माझं नाताळाच्या आधीचं तिकीट आहे. तिकडचा पावसाळा आपल्या हिवाळ्यात, आता लागेल. घरातलं धान्य संपतं, नवं पीक लांब असतं. तेव्हाच एका खाटेवर दोन दोन पोरं येतात. पीक आलं की मी येते, मग काय कापायचं ते कापा." हे तिथं दारातच भांडायला लागले. ती शेवटी आमच्या बोलीत म्हणाली, "भाऊ, त्या पोरे मन्ही वाट दखी राह्यनात." पोरं वाट पाहतायत म्हटल्यावर हे वळून औषधं आणायला गेले. मला वाटलं, मानलं यांनी.

दोन-तीन दिवसांनी अक्काचा पासपोर्ट सापडेना. घर पालथं घातलं. गाद्या उलट्या केल्या, माझ्या चिंध्यांची पोती ओतली. हे सगळ्यांत पुढे, घाम पुसत, खाटांखाली शिरत. रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी हरवलेल्या पासपोर्टसाठी प्रार्थना केली, आणि सगळ्यांत मोठं आमेन आमच्या यांनी म्हटलं. तिथंच मी ओळखलं. घरी आल्यावर, सगळ्या घरात तेवढीच शोधायची राहिली होती त्या दादरच्या कोठीत हात घातला. दादर म्हणजे आमच्याकडची ज्वारी, वर्षाची ती आम्ही त्या पत्र्याच्या कोठीत कडुलिंबाचा पाला घालून ठेवतो. कोपरापर्यंत हात गेला आणि बोटांना प्लास्टिकची पिशवी लागली. मी हात तसाच बाहेर काढला. कोठीचं झाकण लावून टाकलं. देवाशपथ, मलाही तेच हवं होतं. ऑपरेशन होऊ दे, बाई जगू दे, आमच्या घरात खुशाल भांडी पाडू दे.

आणि मग ती बसली. दुपारी मी अंगणात कपडे वाळत घालायला गेले तर अक्का दारापुढच्या ओट्यावर बसलेली. भिंतीला पाठ, हात मांडीत, समोर रस्ता. "कथा जाई राह्यनी?" असं रस्त्यावरून कोणीतरी सवयीनं हसत विचारलंसुद्धा, तिनं उत्तर दिलं नाही. चहा दिला, प्यायली. बसून प्यायली! मेलेलं माणूस पाहिल्यावर होतं तसं झालं मला. मी म्हटलं, "अक्का, उठा ना, माळ्यावरचं जरा बघायचंय." ती म्हणाली, "बघू उद्या." हिच्या तोंडी उद्या हा शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता. मी आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. मशीनवर बसले तर सुई दोनदा मोडली. शेवटी कोठी उघडली, ज्वारीच्या धुळीनं दंड पांढरा होईपर्यंत आत हात घातला आणि ती पिशवी नेऊन तिच्या मांडीवर ठेवली.

ती हसली नाही की रडली नाही. म्हणाली, "कोठीत आहे ते माहीत होतं मला. भाऊच्या बाहीला दादरचं कूस, ते बारीक कुसळ, चिकटलेलं होतं." मी ओरडलेच, "मग घेतला का नाही?" ती म्हणाली, "त्यानं मायेनं लपवला. तो मी चोरून कशी घेऊ? कोणी हातात दिला असता तरच गेले असते." म्हणजे सगळं माझ्याच गळ्यात. मला इतका राग आला, इतकं रडू आलं, की मी तिच्या हातातून पिशवी परत ओढली. तिनं ओढू दिली. आणि मग मीच ती परत दिली. ती उठली, पदर खोचला आणि माळ्यावर काय बघायचंय ते विचारलं.

तिला सोडायला हे स्टेशनवर आले, पण लांब, पाण्याच्या नळापाशी उभे राहिले. गाडी हलायला लागल्यावर धावत आले आणि खिडकीतून बिबड्यांची, ज्वारीच्या पापडांची, पिशवी आत ढकलली. "पोचली का फोन कर," एवढंच बोलले. माझ्याशी तेही नाही. कोणी दिला, कुठून दिला, यांनी कधी विचारलं नाही. नुसतं ताट वाढलं की जेवायचे आणि दुकानात निघून जायचे. पोचल्याचा फोन आला तेव्हा अक्का हसून सांगत होती, विमानतळावर ऑफिसरनं पासपोर्ट उघडला आणि आतून टेबलावर दादरचा दाणा पडला. "विचारतो, हे काय? मी म्हटलं, माझा भाऊ." मी फोन स्पीकरवर ठेवला होता. हे पलीकडे पाठ करून बसले होते, तेही थोडं हसले. घरातलं अवघडलेपण तेव्हा जरा सैल झालं.

तिथला पाऊस संपला. नवी कणसं आली, ती तिनं फोनवर दाखवली. येण्याचं तिकीट काढलंय म्हणाली. नंतर एका सकाळी तिच्या वॉर्डातली पोरगी फोनवर नुसती रडत होती. हळूहळू कळलं ते असं, की सकाळची पेज वाटून झाली आणि अक्का वॉर्डातल्या बाकावर बसली. ती बसलेली पाहून सगळ्या पोरी हातातलं टाकून धावल्या. त्यांनाही माहीत होतं ना. पण त्या पोचेपर्यंत ती गेली होती. तिथंच पुरलं तिला, तळ्याच्या चढावर. व्हिडिओत पाहिलं, पाठीला बाळं बांधलेल्या बाया, आणि बाळांच्या डोक्यावर पाटीलबाईंच्या साड्या.

मी बरोबर केलं का? किती वेळा स्वतःला विचारते. स्वयंपाक करता करता गॅसपासून दारापर्यंत जाते, परत येते. पासपोर्ट दिला नसता तर आज ती असती, कदाचित ओट्यावर बसून. मग तो ओटा डोळ्यांपुढे येतो, ते मांडीतले हात येतात, आणि वाटतं, बरं केलं. पुन्हा रात्री वाटतं, काय केलं मी हे. हे एकदाही म्हणाले नाहीत की तू दिलास म्हणून. म्हटलं असतं तर भांडून तरी मोकळी झाले असते.

परवा तिचं सामान आलं. दोन साड्या, बायबल, चमचा, आणि रद्दचा शिक्का मारून कोपरा कापलेला पासपोर्ट. यांनी तो उघडून तिचा फोटो पाहिला, पुसायचं काही नव्हतं तरी शर्टाला पुसला. मग स्वयंपाकघरात आले. मी पोळपाट सोडून उभी राहिले. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी कोठीचं झाकण काढलं, बाही वर न करताच हात कोपरापर्यंत दादरमध्ये घातला, पासपोर्ट खाली, अगदी तळाशी ठेवला आणि वरून ज्वारी सारखी केली.

"आते जाय बरं," कोठीकडे बघत ते तिलाच म्हणाले, आता जाऊन दाखव म्हणून. "दखू, कथा जास."

मी त्यांच्या बाहीचं कूस झटकायला गेले. त्यांनी झटकू दिलं नाही.