तिसरा फटका

लोत्शनच्या खोऱ्यात इर्मिना रिटलरला कुणी सहसा मागून हाक मारत नसे. ती वळायची ती हात उचलूनच.

सवय लहानपणीची. ख्रिस्ती उपासाचे दिवस लागण्याआधी गावातले बिनलग्नाचे पुरुष लाकडी मुखवटे चढवतात, बकऱ्याची कातडी पांघरतात आणि गल्लीत सापडेल त्याला धरून तोंडावर बर्फ चोळतात. धरलेल्याने सोसायचं, मुखवट्यामागे कोण ते विचारायचं नाही, अशी रीत. इर्मिना शाळकरी असताना एकाने तिच्या नाकातोंडात बर्फ कोंबला. तिने हातमोज्यासकट त्याचं बोट तोंडात धरलं आणि दाताला हाड लागेपर्यंत सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी पाववाल्याच्या बोटाला पट्टी होती. तिच्या आईला पाव देताना तो एवढंच म्हणाला, "वहिनी, पोरीला पोटभर घालत जा की."

बाप थेओडुल गाइड होता, आणि शिकवायचा तो दोरानेच. गाठ चुकली की दोराचं टोक पाठीवर बसे. पुढे एका हिमभेगेने त्याला गिळलं, तेव्हा इर्मिना रडली नाही. त्याचा जुना दोर तिने चुलीत घातला. स्वतः गाइड झाल्यावर गावात तिने भांडणं खूप केली, पण डोंगरावर नेलेल्या माणसावर हात टाकला नाही. तिथे ती हळू बोलायची. लोक म्हणायचे, वर गेली की ही वेगळीच बाई होते.

त्या मार्चमध्ये तिच्याबरोबर तिघं होती. एमेन्तालचा लाकूड गिरणीवाला वाल्टर त्साउग, दाराच्या चौकटीत न मावणारा माणूस. त्याचा मुलगा उर्स, विशीतला. आणि ल्युत्सर्नची दातांची डॉक्टर डोरा इमफेल्ड. दोन दिवस स्कीवर चढून खिंड गाठली होती, आता उतरायचं होतं. डोंगरात सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात, त्यामुळे डोरा वाल्टरला खुशाल म्हणत होती, "तुझ्या घोरण्याने झोपडीचं छप्पर हललं रे. एखादा दात काढून देऊ का? हवा जायला जागा होईल."

उतार मोठा होता, वाऱ्याने बर्फाची साय धरलेली. इर्मिनाने एकेकाला उतरायला सांगितलं. ती पहिली उतरून एका खडकाआड थांबली. वाल्टर आला, तिच्याशेजारी उभा राहिला. मग उर्स निघाला. चारच वळणं त्याने घेतली असतील. त्याच्या वरून उताराला एक रेघ गेली, कापड फाटल्यासारखी, आणि सगळा उतार खाली निघाला. आवाज नंतर आला. उर्स त्यांच्या समोरून वाहत गेला, एक हात वर, मग तो हातही नाही.

"यंत्रं शोधावर!" इर्मिना ओरडली.

प्रत्येकाच्या छातीला यंत्र बांधलेलं असतं. चालताना ते सिग्नल सोडत राहतं. कुणी गाडला गेला की उरलेल्यांनी आपापलं यंत्र फिरवून शोधावर लावायचं, म्हणजे फक्त गाडलेल्याचाच सिग्नल येतो. आणि घाई करायची, कारण बर्फाखाली श्वास पुरतो तो थोडाच वेळ.

वाल्टर आधीच पळाला होता. ढेकळांतून पडत-उठत तो खाली गेला आणि उर्सची टोपी उचलून ओरडला, "इथे! इथे आहे!" गुडघे टेकून त्याने फावडं चालवायला सुरुवात केली. इर्मिनाच्या यंत्रावरचे अंतराचे आकडेही तिकडेच उतरत गेले. टोपीही तिथे, सिग्नलही तिथे. तीही खणायला लागली. वरून डोरा आली, तिच्याही यंत्राने तीच जागा दाखवली. तिघंही खणत सुटली. खड्डा कमरेइतका झाला. खाली काही नाही.

वाल्टर घाम पुसायला दोन पावलं मागे सरला. इर्मिनाच्या यंत्रावरचा आकडा वाढला. तो परत खड्ड्यात उतरला, आकडा घटला.

तेव्हाची यंत्रं सर्वांत जवळचा सिग्नल आधी धरायची. ती तिघं वाल्टरलाच शोधत होती.

"वाल्टर, तुझं यंत्र अजून सिग्नल सोडतंय. दे इकडे."

त्याला ऐकू गेलं नाही. तिने त्याच्या जाकिटाची चेन धरली.

"सोड! माझा पोरगा आहे खाली!"

"इथे नाहीये तो. तू आहेस इथे. यंत्र दे."

आपल्याला ती पोरावरून ओढून काढतेय एवढंच त्याला कळलं. फावडं गर्रकन फिरलं आणि त्याच्या कडेने तिची भुवई फाटली. डोळ्यात रक्त उतरलं. मग तिने मारलं. पहिला फटका फावड्याच्या पात्याने मनगटावर, त्याचं फावडं गळून पडलं. दुसरा पोटात, दांड्याने, तो दुमडला. तिने जाकीट फाडून यंत्र उपटलं, बंद केलं. तो गुडघ्यांवर, तिच्याकडे वर बघत म्हणाला, "तू मारलंस त्याला. ह्या उतारावर तू आणलंस."

यंत्र तिच्या डाव्या हातात होतं. उजव्या हाताने तिने तिसरा फटका मारला, जबड्यावर. ओलं फाटं मोडल्यासारखा आवाज झाला.

डोराने ते पाहिलं. तिचं यंत्र आता दुसरीकडेच ओढत होतं, उताराच्या पार तळाकडे, आणि ती तिकडे धावत सुटली होती. इर्मिना तिच्यामागे. लांब सळी खुपसली, तिसऱ्यांदा काहीतरी मऊ लागलं. खणताना त्यांच्या मधे आणखी एक हात आला. वाल्टर रांगत येऊन एका हाताने बर्फ उपसत होता, जबडा लोंबत होता, लाळ आणि रक्त खड्ड्यात गळत होतं.

उर्सचा चेहरा निळा पडला होता. इर्मिनाने बोट घालून त्याच्या तोंडातला बर्फ खरवडला, श्वास फुंकला, छातीवर मूठ आपटली, पुन्हा फुंकला. कधीतरी तो खोकला आणि तिच्या अंगावर ओकला. मग शुद्ध हरपली ती हेलिकॉप्टर आलं तरी परतली नव्हती, पण श्वास चालू होता. मांडीचं हाड मोडलं होतं.

डोराने वाल्टरचा जबडा चाचपला. "दोन ठिकाणी गेलाय. बोलू नकोस." रुमालाने बांधताना इर्मिनाकडे न बघता ती म्हणाली, "शेवटच्या फटक्याची गरज नव्हती."

"माहितीये," इर्मिना म्हणाली.

एप्रिलमध्ये वाल्टर एकटाच गावात आला. ओडिलोच्या खाणावळीत इर्मिना बाकावर बसली होती, भुवईवर टाक्यांचा व्रण. वाल्टर समोर उभा राहिला. दात तारेने आवळलेले होते.

"बस ना," ओडिलो म्हणाला. "सूप आणतो. नळीने जाईल."

वाल्टरने हात वर केला. एक बोट.

"मनगटावर," इर्मिना म्हणाली. त्याने मान हलवली, चालेल.

दोन बोटं.

"पोटात." पुन्हा मान हलली.

तीन.

"त्याला काही कारण नाही. यंत्र मिळालं होतं. राग आला, मारलं."

त्याने मारलं ते उघड्या पंजाने, पण तो हात गिरणीत ओंडके फिरवणारा. इर्मिना बाकासकट उलटली. भुवईवरची जखम परत उघडली. कुणी उठलं नाही. तिनेही हात उचलला नाही. बाक सरळ केला आणि त्यावर बसली.

वाल्टर तिच्या शेजारी टेकला. मग तारांमधून, कष्टाने म्हणाला, "उर्सला सांगू नकोस."

"काय?"

"यंत्राचं. त्याला वाटतं... बर्फातून पळताना मी पडलो. जबड्यावर."

इर्मिनाने त्याच्याकडे पाहिलं. एवढा मोठा माणूस, डोळे टेबलावरून वर येत नव्हते. पोराचा श्वास खाली संपत असताना आपण स्वतःलाच खणत होतो, हे त्याला घरी कुणासमोर बोलवत नव्हतं.

"कशावर पडलास?" तिने विचारलं.

"दगडावर."

"बरं. दगडावर," ती म्हणाली.

ओडिलोने सूप आणून ठेवलं, नळी टाकली, आणि खांद्यावरचं फडकं इर्मिनाला भुवईवर धरायला दिलं. "दगडानेही थोडं खावं," तो म्हणाला, आणि तिच्यासाठी पाव कापायला आत गेला.