अठरा बरोबर तीन

दहावीला गणितात नापास झाले आणि घरच्यांनी लग्न लावून दिलं. तेव्हापासून ते गणित माझ्या मानेवर बसलं ते बसलंच. आता बीएस्सी झालेली सून घरात आली, तशी मला पुन्हा हुक्की आली. बाहेरून फॉर्म भरला. केडगावात कुणाला कळता कामा नये, एवढी एकच अट मी सुनेला घातली.

दुपारी घर रिकामं झालं की मी कॉटवर बसायची, ती समोर फरशीवर. सुनेने सासूच्या बरोबरीने कॉटवर बसायचं नाही ही आमच्याकडची रीत, आणि मीही कधी बस म्हटलं नाही. माझ्या मांडीवर पोराची जुनी पाटी असायची. ती बिचारी समोरून सगळं उलटं वाचून माझ्या चुका काढायची. मी खडूचे हात पदराला पुसत तिच्यावरच चिडायची.

त्या दिवशी छेदात एक्स असलेली समीकरणं होती. सहा भागिले एक्स, अधिक सहा भागिले दोन एक्स, बरोबर तीन. सगळ्याला दोन एक्सने गुणलं की छेद जातात, असं तिने सांगितलं. मी डावीकडे गुणलं. उजवीकडच्या तीनला छेदच नव्हता, मग त्याला कशाला त्रास द्यायचा, म्हणून तसाच ठेवला. एक्स गायब झाला आणि पाटीवर उरलं: १८ = ३.

"आई, त्या तीनलाबी गुणायचं हुतं," ती म्हणतेय तोच थोरल्या नणंदबाई दारात. मी पाटी सुनेच्या हातात कोंबली.

"हे काय गं?"

"सूनबाईची उजळणी चाललीय, आक्का. शिकवण्या घ्यायच्या म्हणती." धडधडीत खोटं बोलले.

आक्कांनी पाटी ओढून घेतली. "अठरा बरोबर तीन? आन् हिला बीएस्सी म्हनायचं व्हय?"

त्या पोट धरून हसल्या. सुनेचे कान लाल झाले. आता ही माझं नाव सांगणार, म्हणून मी खाली बघत राहिले. ती गुपचूप उठून चहा ठेवायला गेली. चहा पिऊन आक्का गेल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सून परत फरशीवर येऊन बसली, तशी कॉटवरून उतरून मी तिच्या शेजारी बसायला गेले.

"तुमी वरच बसा, आई," ती म्हणाली. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

मग मी आक्कांना फोन लावला. तिला ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला. "आक्का, ते अठरा बरोबर तीन माझं हुतं. परीक्षेला मी बसतीय."

"ठावं हाय की मला. तुझा पदर खडूनं भरलाय. म्हटलं बघू, पोरीला किती बोलनी खाऊ देती."

मी पदराकडे बघितलं. पाचही बोटं उमटली होती. चहा देताना सून माझ्यासमोर वाकली होती, तेव्हा तिलाही ती दिसली असणार. म्हणजे मी खरं कधी बोलते, हे तीही बघत होती.