जावयाचं लिंबू

माझी मावशी इस्पितळाच्या धुलाईखान्यात इस्त्री करते. दिवसभर वाफेत उभी राहिलेली बाई घरी येऊन जरा पाठ टेकेल की नाही? ही पर्स दारात टाकून थेट मागच्या अंगणात. अंगण कसलं, दोन खाटा मावतील एवढी जागा. पण तिथे आम्ही सगळे आहोत. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याचं एक रोप, हा तिचा रिवाज. पाणी घालताना त्याचं नाव घ्यायचं, त्याचं दुखणंखुपणं प्रभूच्या कानावर घालायचं, मग उपड्या बादलीवर गप्प बसायचं. मी पुदिना आहे. मी म्हणे सगळ्यांच्यात घुसते. जावयाला तिनं लिंबू केलं होतं. काटे आधी, फळ मग, तेही आंबट.

चर्चच्या पाळकांनी एकदा हसत विचारलं होतं, रोप वाळलं तर काय? मावशी म्हणाली, "वाळू दे. रोप म्हणजे माणूस नव्हे. मी विसरभोळी, म्हणून डोळ्यांसमोर लावून ठेवलंय एवढंच." पाळक जाताना पुदिन्याची जुडी घेऊन गेले.

त्या दुपारी तिची सुट्टी होती. मी वरच्या मजल्यावर राहते. ताईचा, म्हणजे मावशीच्या मुलीचा, मला फोन आला. घाटात दरड कोसळली होती, भावोजींचा ट्रक त्याच रस्त्यावर होता आणि त्यांचा फोन लागत नव्हता. "मी निघालेय तुमच्याकडे. आईला म्हणावं, त्यांचं नाव घे." एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

मी जिना उतरून अंगणात गेले आणि सगळं सांगितलं. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. ती लिंबाकडे वळेल असं वाटलं होतं. ती माझ्याकडेच बघत राहिली. मग मीच वळून बघितलं. गुलाब होता, पुदिना होता. मधे नुसती उकरलेली माती होती.

"लिंबू कुठंय?"

"उपटलं."

भावोजींना दुसऱ्या शहरात काम मिळालं होतं. आदल्या रविवारी उपासनेनंतर सगळे इथेच जेवले, आणि हात धुता धुता त्यांनी सांगून टाकलं की ताईला आणि नातीला घेऊन जाणार. मावशी तशीच उठली. अंगणात आली, लिंबू मुळासकट ओढलं आणि फाटकाजवळच्या पालापाचोळ्यावर फेकलं.

माझा राग नाकावर असतो. म्हटलं, "मग काय झालं? तूच सांगतेस ना जगाला, रोप म्हणजे माणूस नव्हे म्हणून?"

"रोपाचं कोण बोलतंय! त्याचं नाव घेतलं नाही मी. तेव्हापासून रोज पाणी घातलं, पुदिन्यावरून सरळ गुलाबावर गेले. मुद्दाम गाळलं त्याला."

ती फाटकाशी गेली, गुडघे टेकले आणि कुजलेला पाला दोन्ही हातांनी उपसू लागली. ताई कुठल्याही क्षणी येणार होती. मीही उपसायला बसले. सालं निघाली, सुकलेल्या काड्या निघाल्या, लिंबू काही निघेना.

"इथेच टाकलं होतं गं. कुणी नेलं? कुठे ठेवलं?"

बोलली आणि एकदम थांबली. प्रभूची कबर रिकामी बघून रडणाऱ्या, त्यालाच माळी समजून हेच विचारणाऱ्या बाईची गोष्ट तिनं मला त्या बादलीवर बसून कितीदा तरी सांगितली होती. आता ते शब्द तिच्याच तोंडून निघाले होते. तिनं हात पदराला पुसले, झारी भरली आणि त्या रिकाम्या मातीवर पाणी ओतलं. जावयाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, ते तसंच मिटलं. मला भीती वाटू लागली. शेवटी नाव निघालं, अगदी हळू.

"प्रभू, त्याला परत आण. मग नेऊ दे माझी पोर. लांब नेऊ दे. मी आडवी येणार नाही."

फाटक वाजलं. ताई आत आली आणि मातीकडे बघत उभी राहिली. डोळे सुजलेले होते.

"मीच उपटलं," मावशी म्हणाली. "रागानं."

"माहीत आहे. रविवारी निघताना त्यांनीच उचललं ते. डब्यात लावून गाडीत ठेवलंय, समोर, काचेपाशी. म्हणाले, आईंचा राग उतरला की परत नेऊन देऊ, तोवर जगवायला हवं."

मावशी बादलीवर बसली. आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना खाली मातीत बसलो. कुणी कुणाला धीर दिला नाही, द्यायला कुणाकडे नव्हताच.

ताईचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता. तिच्यानं तो घेववेना, म्हणून मी घेतला. पलीकडे भावोजीच होते, कुणाच्या तरी फोनवरून. दगड येताना दिसले तशी उडी मारली होती. हात मोडला होता. ट्रक गाडला गेला होता. ताईनं माझ्या हातातून फोन ओढला आणि रडत सुटली. रडून झाल्यावर तो आईच्या कानाला लावला. आवाज मलाही ऐकू येत होता.

"आई, एक सांगायचं राहिलं. तुमचं लिंबू माझ्याकडे होतं. गाडीतच राहिलं हो. वाचवता नाही आलं."

मावशीनं फोन दोन्ही हातांनी धरला.

"रोप म्हणजे माणूस नव्हे," ती म्हणाली. "तिकडे घर बघाल ना, मागे थोडी माती असलेलं बघा. मी येईन लावायला."